एस्तादिओ नासिओनाल: रिकाम्या बाकांची गोष्ट

फुटबॉलची प्रसिद्ध स्टेडियम्स म्हटलं की ठराविक नावं येतात. ओल्ड ट्रॅफर्ड, बर्नाबेऊ, माराकाना... रात्री जागून मॅच बघणाऱ्यांना तर ती तोंडपाठ. पण मला विचाराल तर सगळ्यात विलक्षण स्टेडियम या यादीत येतच नाही. ते आहे चिलीची राजधानी सांतियागोमध्ये. नाव एकदम साधं, एस्तादिओ नासिओनाल, म्हणजे राष्ट्रीय स्टेडियम.

हे सुरू झालं १९३८ साली. १९६२च्या वर्ल्ड कपची फायनल इथेच झाली, ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ हरवलं. त्याच स्पर्धेतली इथली चिली-इटली मॅच इतकी हाणामारीची झाली की तिला 'सांतियागोची लढाई' असंच नाव पडलं. तिचे रेफरी केन ॲस्टन यांनी पुढे पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना काढली. इथपर्यंत गोष्ट चारचौघांसारखीच.

मग आला ११ सप्टेंबर. २००१चा नव्हे, १९७३चा. लष्कराने अयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि जनरल पिनोशे सत्तेवर आले. विद्यार्थी, कामगार, प्राध्यापक, ज्याचा संशय येईल त्याला उचलायला सुरुवात झाली. एवढी माणसं ठेवायची कुठे?

आता स्टेडियम म्हणजे नेमकं काय, ते बघा. उंच भिंती, मोजकी दारं, हजारो माणसं मावतील एवढी जागा आणि गॅलरीखाली ढीगभर खोल्या. गर्दी नीट सांभाळता यावी म्हणून केलेली ही सगळी सोय, आणि तुरुंगाला तरी दुसरं काय लागतं? सुमारे दोन महिने हे स्टेडियम कैद्यांची छावणी होतं. चेंजिंग रूम्सच्या कोठड्या झाल्या. स्विमिंग पूलजवळच्या खोल्यांत बायकांना डांबलं. सायकल शर्यतींच्या वेलोड्रोममध्ये चौकशी चाले, आणि चौकशी म्हणजे छळ. रेड क्रॉसच्या अंदाजाप्रमाणे सप्टेंबरमध्ये तिथे सात हजारांच्या आसपास कैदी होते. काही जण तिथून जिवंत बाहेर आलेच नाहीत.

याच सुमाराला चिलीची १९७४च्या वर्ल्ड कपसाठी सोव्हिएत युनियनशी पात्रता लढत होती. मॉस्कोतली पहिली मॅच ०-० सुटली. परतीची मॅच २१ नोव्हेंबरला, याच मैदानावर! सोव्हिएत संघ म्हणाला, त्रयस्थ देशात खेळू, इथे नाही. फिफाचे अधिकारी ऑक्टोबरमध्ये पाहणीला आले. तेव्हा कैदी आतच होते, पण त्यांना नजरेआड ठेवलं होतं. हिरवळ बघून पाहुणे खूश झाले आणि मैदान खेळायला योग्य असल्याचा निर्वाळा देऊन परतले. नोव्हेंबरमध्ये उरलेल्या कैद्यांना हलवलं. अनेकांची रवानगी अटाकामा वाळवंटातल्या छावणीत झाली.

सोव्हिएत संघ आलाच नाही. तरी शिट्टी वाजली. चिलीचे खेळाडू एकमेकांना पास देत पुढे गेले आणि कॅप्टन फ्रान्सिस्को वाल्देसने रिकाम्या गोलमध्ये बॉल ढकलला. समोर ना गोलकीपर, ना बचाव. रेकॉर्डमध्ये निकाल २-० असा लागला आणि चिली वर्ल्ड कपला गेली. फुटबॉलच्या इतिहासातला याहून लाजिरवाणा गोल मला तरी माहीत नाही. आणि ती लाज खेळाडूंची कमी, मॅच होऊ देणाऱ्यांची जास्त.

खेळ आणि राजकारण वेगळं ठेवावं, असं आपण सर्रास म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण फिफाने वेगळं ठेवलं म्हणजे काय केलं, तर फक्त गवत बघितलं, गवताखालच्या खोल्या नाही.

१९९०मध्ये लोकशाही परत आली. २००३मध्ये स्टेडियमला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे नूतनीकरणात सगळीकडे नव्या खुर्च्या आल्या, पण एका गोलपोस्टमागे, आठ नंबरच्या दरवाजाजवळ, जुनी लाकडी बाकं तशीच ठेवली आहेत. तिथे कुणी बसत नाही. वर लिहिलंय की ज्या लोकांना आठवण नाही, त्यांना भविष्य नाही.

४ जुलै २०१५ला इथेच चिलीने अर्जेंटिनाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून पहिल्यांदा कोपा अमेरिका जिंकली. अलेक्सिस सांचेझची ती शेवटची अलगद किक यूट्यूबवर आहे, जरूर बघा. अख्खं स्टेडियम लाल रंगाने भरलेलं आहे. फक्त ती बाकं सोडून.