बंदूक, दुर्बीण आणि मोबाईल

गेल्या रविवारी भिगवणला गेलो होतो. ८×४२च्या दुर्बिणीला रबरबँडने मोबाईल बांधला आणि रोहित पक्ष्यांचं शूटिंग सुरू केलं. नावाडी म्हणाला, "साहेब, अजून जवळ नेऊ?" म्हटलं, "नको मामा, उडतील."

गणित सोपंय. ४२ भागिले ८, म्हणजे दुर्बिणीतून सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत बाहेर पडतो. मोबाईलचं भिंग बरोब्बर त्यावर यायला हवं. जरा सरकलं की स्क्रीन काळा!

ही युक्ती मोबाईलच्या आधीची. १९९९च्या सुमारास मलेशियाचे पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी स्पॉटिंग स्कोपला डिजिटल कॅमेरा लावून ती गाजवली. 'डिजिस्कोपिंग' हे नाव फ्रान्सच्या आलँ फॉसे यांचं.

त्याआधी काय होतं? १९०८च्या सुमारास शाळकरी सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि ती कोणती हे विचारायला मुंबईच्या बीएनएचएसमध्ये नेली. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहेच. पण त्या काळी पक्षी ओळखायचा तर बहुधा तो मारूनच आणावा लागे.

असो. माझा व्हिडिओ हललाय, कडा काळ्या आल्यात. पण एकही रोहित उडाला नाही.