पारदर्शक पटल आणि प्रकाशाचा विलंब

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीपलीकडील हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथच्या परिसरांत, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या वेधशाळेस केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या योजिल्या असून त्यांतील नळ्या निर्वात राखावयाच्या आहेत. हवेसारख्या पारदर्शक वस्तूचीहि त्या यंत्रास अडचण कां व्हावी, याचें उत्तर दोनशें वर्षांपूर्वींच्या एका साध्या प्रयोगांत सांपडतें.

प्रकाश लहरीरूप आहे, असें टॉमस यंग या इंग्रज पंडितानें १८०१ सालापासून प्रतिपादिलें. दोन मार्गांनीं आलेल्या लहरी एकत्र मिळाल्या म्हणजे कोठें उजेड वाढतो, कोठें काळोख पडतो, आणि दोहोंचे एकाआड एक पट्टे उमटतात. परंतु न्यूटनच्या कणवादाचा दरारा मोठा होता. यंगच्या वांट्यास टीकाच अधिक आली.

१८१६ सालीं फ्रान्समध्यें आरागोनें या पट्ट्यांची परीक्षा घेतली. एका मार्गांत अपारदर्शक पडदा धरतांच ते मावळले, यांत नवल नव्हतें. पण जाड काच धरली तरीहि ते दिसेनात! अतिशय पातळ काच धरली, तेव्हां मात्र पट्टे टिकले. केवळ काचेच्या बाजूस सरकले. फ्रेनेलच्या लहरीवादानें याचा उलगडा होतो. काचेंत प्रकाश मंदावतो. त्या मार्गाच्या लहरीस विलंब होतो, म्हणून दोन्ही लहरींच्या बरोबरीचें स्थान काचेकडे सरकतें. जाड काचेनें विलंब फारच वाढून पट्टे दृष्टीच्या टप्प्यांत उरत नाहींत. कणवादाप्रमाणें प्रकाश काचेंत अधिक वेगानें जावयास हवा होता. तसें असतें तर पट्टे उलट दिशेस सरकले असते. पाण्यांत प्रकाश मंदावतो हें फूकोनें १८५० सालीं प्रत्यक्ष दाखविलें.

हा सरक मोजतां येतो. अभ्रकाचा एक शतांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा पिवळ्या प्रकाशाचे पट्टे सुमारें १० घरें हलवितो. याच युक्तीनें आरागो व फ्रेनेल यांनीं कोरड्या आणि दमट हवेंतील सूक्ष्म भेद तपासला.

गुरुत्वीय लहरीनें होणारा फरक तर अणूच्या केंद्रकाहूनहि लहान असतो. अमेरिकेंतील यंत्रांनीं तो १४ सप्टेंबर २०१५ रोजीं प्रथम टिपला. तेथें नळीत उरलेल्या हवेचे कणहि प्रकाशास कमीअधिक विलंब लावून खरी खूण झांकून टाकतील. आरागोनें जें मुद्दाम आड धरलें, तेंच पैनगंगेपलीकडे मोठ्या खटपटीनें दूर सारावें लागणार आहे.