‘कोणीही’ आणि ‘नागरिक’

लुइझियाना राज्याचा २० डिसेंबर १८६५ चा १० क्रमांकाचा कायदा आकाराने अगदी लहान आहे. कोणाही नागरिकाच्या आवारात किंवा मळ्यात मालकाच्या संमतीवाचून कोणीही बंदूक बाळगू नये. बाळगल्यास एक ते दहा डॉलर दंड, एक ते दहा दिवस कैद, किंवा दोन्ही.

हा कागद पुन्हा उजेडात आला तो हवाईमुळे. शस्त्रांवरचा निर्बंध टिकवायचा असेल तर देशाच्या इतिहासात त्याचा पूर्वज दाखवा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात ठरवले. पुढच्याच वर्षी हवाईने कायदा केला की, दुकानासारख्या लोकांना खुल्या असलेल्या खासगी जागेतही मालकाने स्पष्ट होकार दिल्याखेरीज बंदूक नेता येणार नाही. मनाई करण्याचा मालकाचा हक्क कोणीच नाकारत नव्हते. वाद होता तो मालक गप्प असेल तर त्या गप्प राहण्याचा अर्थ काय लावायचा, याचा. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२४ रोजी हवाईचा हा नियम उचलून धरला आणि त्यासाठी मुख्य भिस्त ठेवली ती दोन जुन्या कायद्यांवर. एक न्यू जर्सीचा, १७७१ चा. दुसरा आपला हा लुइझियानाचा.

न्यू जर्सीच्या कायद्याचे शीर्षक हरणांच्या आणि इतर शिकारीच्या रक्षणाविषयी बोलते. कलमाची भाषा मात्र शिकारीपुरती थांबत नाही: दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक घेऊन जाणाऱ्यास चाळीस शिलिंग दंड. त्याच वसाहतीच्या १७२२ च्या कायद्याची प्रस्तावना शेजारी ठेवली की, तक्रार परक्या जमिनीवर घुसणाऱ्या शिकाऱ्यांविषयी होती हे कळते. त्यामुळे शीर्षकाला अधिक वजन द्यावे, असे मला वाटते; पण कलम वेगळे बोलते, हेही खरे.

लुइझियानाच्या कागदात हरीण नाही, आणि वंशाचा उल्लेखही नाही. म्हणून तो मुक्त गुलामांना रोखण्यासाठी होता का, हे तपासायला त्याच राज्यातला पाच महिने आधीचा एक मजकूर पाहावा लागतो. ओपेलूसस गावाच्या ३ जुलै १८६५ च्या ठरावानुसार लष्करात नसलेल्या मुक्त गुलामाला धन्याच्या लेखी परवानगीवाचून गावात शस्त्र बाळगता येत नव्हते. त्या परवानगीवर नगराध्यक्षाची किंवा पोलीस मंडळाच्या अध्यक्षाची मंजुरीही लागे. कार्ल शुर्झ यांनी दक्षिणेकडील राज्यांची पाहणी करून दिलेल्या अहवालाबरोबर तो छापला गेला, म्हणून आज वाचता येतो. ठरावात ‘धनी’ आहे, कायद्यात ‘मालक’. ठरावात ‘मुक्त गुलाम’, कायद्यात ‘कोणीही’. परवानगीची कळ मात्र दोन्हीकडे एकाच माणसाच्या हाती.

तारीखही बोलकी आहे. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती अमलात आल्याची घोषणा झाली १८ डिसेंबरला, म्हणजे दोनच दिवस आधी. आणि मग तो शब्द: बंदूक ‘कोणीही’ बाळगू नये, पण आवार ‘नागरिका’चे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व नाकारले होते. ते देणारा संघीय कायदा आला ९ एप्रिल १८६६ रोजी. शब्दाची ही निवड हेतुपुरस्सर होती का? मला तसे म्हणण्याचा मोह होतो. पण टेक्सासने ६ नोव्हेंबर १८६६ रोजी हाच मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उचलला, आणि नागरिकत्व मिळून गेल्यावरही ‘नागरिक’ शब्द तसाच राहिला. तेव्हा हा पुरावा नव्हे, तर्कच.

टेक्सासने घातलेली भर छोटी आहे: आवार ‘कुंपण घातलेले’ हवे. लुइझियानाच्या मजकुरात कुंपण नाही. तिथल्या मळ्यांवरचे मजूर बहुधा मालकाच्याच जमिनीवरच्या खोपटांत राहत. त्या खोपटात भिंतीला टेकवून ठेवलेली बंदूकही, शब्दशः वाचले तर, मालकाच्या आवारातच येते. कायद्यात अपवाद एकच आहे: मुलकी किंवा लष्करी हुकूम बजावणाऱ्याचा.