बांधावरचा सल्ला : तलवाड्यापासून घानापर्यंत

तलवाडा (जि. बीड) : अंड्यातून बाहेर पडलेली गुलाबी बोंडअळी लवकरच कपाशीच्या पातेफुलात किंवा बोंडात शिरते. एकदा ती आत शिरली, की बाहेरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे फवारणी करायची की नाही, केव्हा करायची आणि कोणत्या औषधाची करायची, या तीन प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याला मोजक्या दिवसांतच मिळावी लागतात. उत्तर उशिरा आले तर बोंडे किडतात. चुकीचे आले तर औषधाचा खर्चही जातो आणि पीकही जाते. त्वरिता देवीच्या मंदिरामुळे परिचित असलेले गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव अशाच कपाशीच्या पट्ट्यात वसले आहे.

गेवराईच्या उत्तरेला गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. असे असले तरी बीड जिल्ह्यातील बहुतांश शेती आजही पावसावर अवलंबून आहे. कपाशी, सोयाबीन, तूर, बाजरी आणि पाणी असेल तेथे ऊस ही येथील मुख्य पिके. लहान जमीनधारणा, बेभरवशाचा पाऊस, कर्जाचा बोजा आणि हंगामी स्थलांतर ही येथील शेतीची लक्षणे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेलाही लागू पडतात. तेथील सुमारे ९५ टक्के शेती कोरडवाहू आहे. म्हणूनच शेतकऱ्यापर्यंत ज्ञान कसे पोहोचवावे, या प्रश्नावर गेली सात दशके महाराष्ट्र आणि आफ्रिका यांच्यात प्रयोगांची देवाणघेवाण होत आली आहे. तिचा प्रारंभ मराठी भाषेतून झाला, ही बाब मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

पुणे आकाशवाणीचा प्रयोग

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवेची स्थापना झाली. गावपातळीवर ग्रामसेवक हा या व्यवस्थेचा कणा होता. परंतु एका ग्रामसेवकाकडे अनेक गावे आणि शेतीपासून आरोग्यापर्यंतची असंख्य कामे असल्याने शेतीचा सल्ला मागे पडू लागला.

या पार्श्वभूमीवर १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक आगळा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा शेती व ग्रामजीवनावरील कार्यक्रम प्रसारित होई. गावकरी तो एकत्र बसून ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. त्यांचे प्रश्न व निर्णय लेखी स्वरूपात आकाशवाणीकडे जात आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे या प्रयोगाचे सूत्र होते. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची असली, तरी जेथे अनेकांना वाचता येत नाही अशा ग्रामीण समाजात ती रुजते काय, याची कसोटी येथे लागली.

प्रयोगाच्या मूल्यमापनात दोन प्रकारच्या गावांची तुलना करण्यात आली. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. काही गावांत दोन्ही होते. मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत झालेली वाढ लक्षणीयरीत्या अधिक आढळली. नुसता आवाज ऐकू येणे पुरेसे नाही, त्यावर आपसांत बोलण्याची आणि उलट प्रश्न विचारण्याची सोय हवी, हा त्याचा निष्कर्ष होता. पुढे भारतात या मंडळांचा विस्तार करण्यात आला आणि १९६४-६५ मध्ये घानामध्येही त्याच धर्तीवर प्रकल्प राबविण्यात आला.

एकच संदेश, अनेक शेते

त्यानंतरचे मोठे पर्व म्हणजे ‘प्रशिक्षण व भेट’ योजना. डॅनियल बेनोर यांनी मांडलेली ही पद्धत जागतिक बँकेच्या पाठबळाने भारतात प्रथम १९७४ च्या सुमारास राजस्थान व मध्य प्रदेशातील चंबळ लाभक्षेत्रात आली आणि पुढे महाराष्ट्रासह अन्य राज्यांत पसरली. कृषी कर्मचाऱ्याने ठरलेल्या दिवशी प्रशिक्षण घ्यायचे, ठरलेल्या दिवशी निवडक ‘संपर्क शेतकऱ्यां’ना भेटायचे आणि त्यांनी तो संदेश इतरांपर्यंत न्यायचा, अशी तिची रचना होती. कामाला शिस्त आली आणि कर्मचाऱ्याच्या मागची इतर कामे कमी झाली, हे तिचे यश. बागायती भागात, जेथे गहू वा भात यांसारखे एकच पीक विस्तृत क्षेत्रावर असते, तेथे तिचा उपयोग झाला.

कोरडवाहू प्रदेशात मात्र चित्र निराळे होते. एकाच शिवारात काळी भारी जमीन आणि मुरमाड माळ शेजारी शेजारी असतात. पाऊस एका गावात पडतो, शेजारच्या गावात पडत नाही. अशा ठिकाणी वरून आलेला एकसारखा संदेश अनेकांच्या उपयोगाचा ठरत नाही. शिवाय संपर्क शेतकरी बहुधा गावातील सुस्थितीतील मंडळीच असत. ही पद्धत ५० हून अधिक देशांत पोहोचली. केनियातील योजनेचे जागतिक बँकेनेच १९९९ च्या सुमारास मूल्यमापन केले, तेव्हा खर्चाच्या मानाने परिणाम तोकडा असल्याचे आणि बाहेरील निधीविना हा डोलारा टिकणारा नसल्याचे निदर्शनास आले.

युगांडाने याच्या विरुद्ध टोकाचा मार्ग निवडला. २००१ च्या कायद्यान्वये तेथे शेतकऱ्यांच्या गटांनी आपली गरज ठरवावी आणि कंत्राटी सल्लागारांकडून सेवा घ्यावी, अशी व्यवस्था झाली. शेतकऱ्याला ग्राहकाचे स्थान देणारी ही कल्पना गाजली. परंतु पुढे सल्ल्यापेक्षा बियाणे व साहित्य वाटपालाच महत्त्व आले आणि २०१४ च्या सुमारास वाटपाचे काम सैन्याच्या हाती सोपविण्यात आले. वाटप दिसते, सल्ला दिसत नाही. राज्यकर्त्यांचा कल दिसणाऱ्या गोष्टीकडे असतो, हा अनुभव मराठवाड्यालाही अपरिचित नाही.

सल्लागार कोण?

शेतकरी प्रत्यक्षात सल्ला कोणाचा घेतो? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००३ मधील पाहणीत देशातील सुमारे ६० टक्के शेतकरी कुटुंबांनी आधुनिक तंत्राबाबत कोणत्याही स्रोताकडून माहिती घेतली नसल्याचे आढळले. एकूण शेतकरी कुटुंबांत माहितीसाठी इतर प्रगतिशील शेतकऱ्यांवर विसंबणारी कुटुंबे १६.७ टक्के, निविष्ठा विक्रेत्यांवर १३.१ टक्के, रेडिओवर १३ टक्के, तर सरकारी विस्तार कर्मचाऱ्यांवर अवघी ५.७ टक्के होती. दहा वर्षांनी, २०१२-१३ च्या पाहणीतही तांत्रिक सल्ला मिळणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरच रेंगाळले होते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार हा अनेकांचा पहिला सल्लागार आहे. तो जवळ असतो, उधारी देतो आणि हंगामभर भेटतो. मात्र औषध विकणाऱ्यानेच औषधाची गरज ठरवावी, यात हितसंबंधांचा पेच आहे. त्यावर उपाय म्हणून हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. विक्रेत्याचे ज्ञान त्यामुळे वाढते. विक्रीचा मोह कमी होतो असे नव्हे. २०१७ मध्ये राज्यात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. निःपक्ष आणि वेळेवर मिळणाऱ्या सल्ल्याच्या अभावाची किंमत किती मोठी असते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

शेतीशाळेचा मार्ग

शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाहावे, मोजावे आणि स्वतः निर्णय घ्यावा, या तत्त्वावरील शेतीशाळा १९८९ मध्ये इंडोनेशियात भातशेतीसाठी सुरू झाल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्या पूर्व आफ्रिकेत पोहोचल्या. केनिया, टांझानिया आणि युगांडातील शेतीशाळांच्या अभ्यासात स्त्रिया व कमी शिकलेले शेतकरी यांना त्यांचा विशेष लाभ झाल्याचे दिसून आले.

महाराष्ट्रात २००८ मध्ये सोयाबीनवर किडींचा मोठा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. निवडक शेतांतील नोंदी संगणकावर येतात आणि त्यांवरून कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ सल्ला देतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडचा समावेश होता आणि त्यातही शेतीशाळांना स्थान देण्यात आले.

शेतीशाळेतील शिक्षणाचे स्वरूप बोंडअळीच्या उदाहरणावरून ध्यानात येते. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग अडकले, अथवा दहा टक्के फुले वा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त आढळली, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजून फवारणी करायची, एरवी नाही. हा हिशेब ज्याला स्वतः करता येतो, त्याला दुकानातून परत येताना अनावश्यक बाटली आणावी लागत नाही.

गटाने शिकण्याचा आणखी एक प्रयोग म्हणजे पानी फाउंडेशनची २०२२ पासूनची ‘फार्मर कप’ स्पर्धा. २०१६ मध्ये या संस्थेच्या ‘वॉटर कप’चा प्रारंभ ज्या तीन तालुक्यांत झाला, त्यांत बीडचा अंबाजोगाई होता.

आफ्रिकेकडून आलेला इशारा

ज्ञानाचा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही, याचा प्रत्यय २०१८ मध्ये आला. अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि दोन वर्षांत बहुतेक खंडात पसरली. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात आणि पाठोपाठ महाराष्ट्रात मक्यावर दिसली. तोवर आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी अळी ओळखण्याचे, अंडीपुंज वेचून नष्ट करण्याचे आणि नियमित पाहणीचे धडे गिरवले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यासाठी मोबाइलवरील नोंदींची प्रणालीही उभी केली होती. हा अनुभव भारताला हाताशी तयार मिळाला.

इथिओपियाने २०१४ मध्ये ‘८०२८’ या क्रमांकावर शेतकऱ्यांना स्थानिक भाषांत ध्वनिमुद्रित सल्ला देणारी विनामूल्य सेवा सुरू केली. भारतात किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ पासून कार्यरत असून १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतही प्रश्न विचारता येतो. २००६ मध्ये बंगळूरमध्ये आकाराला आलेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमात शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी केलेल्या चित्रफिती गावात दाखविल्या जातात. तो पुढे इथिओपियात गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार भारत व आफ्रिकेतील मोबाइल सल्ल्यामुळे उत्पादनात सरासरी चार टक्के वाढ आढळली. हा आकडा लहान वाटेल. मात्र एका संदेशाचा खर्च नगण्य असल्याने तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उणिवा कोठे?

गेवराईच्या शेतकऱ्याला आधार देणाऱ्या संस्था कागदावर कमी नाहीत. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले; २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. गेवराई तालुक्यातच खामगाव येथे विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तर अंबाजोगाई येथे दीनदयाल शोध संस्थानाचे. गावपातळीवर कृषी सहायक आहेत. २०२५ मध्ये या पदाचे नाव सहाय्यक कृषी अधिकारी असे करण्यात आले. २००५-०६ पासून ‘आत्मा’ यंत्रणा आहे. २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित ‘महाविस्तार’ हे मराठी मोबाइल अॅपही आणले.

तरीही तीन उणिवा कायम आहेत. पहिली, गावपातळीवरील कर्मचाऱ्याचा वेळ अनुदानाचे अर्ज, पंचनामे आणि याद्या यांत जातो. बांधावर जाण्यास तो उरत नाही. दुसरी, सेवांमध्ये सातत्य नाही. २०१८ नंतर कृषी विज्ञान केंद्रांत उभारलेले जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये देशभर बंद करण्यात आले. हवामान बेभरवशाचे होत असताना तालुक्याचा विचार करून दिला जाणारा सल्ला त्यामुळे थांबला.

तिसरी उणीव बीडच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील मजूर मोठ्या संख्येने ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. कपाशीच्या वेचणीचा आणि रब्बीचा हाच काळ. घरी राहिलेल्या स्त्रिया आणि वृद्ध शेती सांभाळतात. परंतु सातबारा पुरुषाच्या नावे, नोंदविलेला मोबाइल पुरुषाच्या खिशात आणि मेळाव्याचे निमंत्रणही त्यालाच. संदेश फडावर पोहोचतो, शेतात नाही. बचत गटांतून तयार होत असलेल्या ‘कृषी सखी’ ही उणीव काही अंशी भरून काढू शकतात. मात्र त्यांना नियमित मानधन आणि विद्यापीठाच्या तज्ज्ञाशी थेट संपर्क असायला हवा.

अॅप असो वा दूरध्वनी, कोणतेही साधन स्वतःहून विश्वास निर्माण करीत नाही. सल्ला देणारा कोण, चुकला तर जबाब कोणाला विचारायचा आणि शेतकऱ्याचा उलट प्रश्न कोणाच्या टेबलावर जातो, यांवर विश्वास ठरतो. पुणे आकाशवाणीच्या मंडळांत गावकऱ्यांचे प्रश्न लिहून घेतले जात आणि त्यांना उत्तर मिळे. त्यानंतर साधने कितीतरी बदलली. प्रश्न लिहून घेण्याची आणि त्याचे उत्तर त्याच हंगामात पोहोचविण्याची जबाबदारी मात्र निश्चित व्हायची आहे. कपाशीला पाते लागण्यापूर्वी ती निश्चित झाली, तरच तलवाड्याच्या शिवाराला तिचा उपयोग.