शेवटच्या अक्षराचा खेळ

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. गायन, नृत्य, चित्रकला यांच्या पंगतीत तिथं तोंडाच्या आणि कानाच्या खेळांनाही मानाचं पान आहे: कोडी घालणं, जीभ अडखळेल अशा रचना म्हणून दाखवणं, अर्धा श्लोक मिळाला की उरलेला रचणं आणि ‘प्रतिमाला’. तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर ‘जयमंगला’त प्रतिमालेचा खुलासा करतो, तो थेट अंत्याक्षरीचा. पहिल्याचा श्लोक ज्या अक्षरावर थांबेल, ते अक्षर धरून दुसऱ्यानं पुढचा श्लोक म्हणायचा.

मराठी घरांत या खेळाला भेंड्या म्हणतात. समोरच्याला उत्तर सुचलं नाही, की त्याच्यावर भेंडी चढते.

सिनेमा येण्यापूर्वी भेंड्या होत्या त्या श्लोकांच्या, आर्यांच्या, कवितांच्या. त्यांचा दारूगोळा मुलांना घरातच मिळे. संध्याकाळी परवचा व्हायचा, पंगतीत श्लोक म्हणायची रीत होती. समर्थांचे मनाचे श्लोक 205, आणि त्यांतले कितीतरी ‘म’नेच सुरू होतात, त्यामुळे ज्याच्या वाट्याला ‘म’ येई त्याला चिंता नसे. वामनपंडितांचे श्लोक आणि बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या यांनी उरलेली बाजू सांभाळली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी जुन्या कवींचे वेचे निवडून 1854 साली ‘नवनीत’ छापलं. पुढं ते शाळांत गेलं आणि वेगवेगळ्या घरांतल्या मुलांचं पाठांतर एकाच पुस्तकातून होऊ लागलं.

भाषेच्या तासाला या खेळाइतकं उपयोगी साधन क्वचितच सापडेल. वृत्तातला श्लोक म्हणताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की चाल मोडते आणि ते सगळ्यांना ऐकू येतं. मास्तरांनी चूक दाखवायची गरजच पडत नाही. ऐकणाराही स्वस्थ बसू शकत नाही. श्लोक पाठ असेल तर पहिल्या चरणालाच त्याला शेवटचं अक्षर कळतं आणि तो मनात शोधाशोध सुरू करतो. श्लोक नवा असेल तर मात्र शेवटपर्यंत कान देऊन बसावं लागतं. ‘ळ’ आणि ‘ण’ ही अक्षरं मराठी शब्दाच्या आरंभी येत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी ‘ल’ आणि ‘न’ घ्यायची मुभा आधीच ठरवून ठेवावी लागते. वर्णमालेचा हा बारकावा मुलांना खेळताखेळता कळतो.

उर्दू शाळांतली बैतबाजी ही याच घराण्यातली. मुंबई-मालेगावकडे तिच्या स्पर्धा भरतात. तिथं शेर पुरा आणि बिनचूक म्हणावा लागतो.

मराठी भेंड्यांत हा कडकपणा सैल झाला तो गाण्यांमुळे. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’; बोलपटांबरोबर गाणी घरोघरी पोचली आणि हळूहळू त्यांनी श्लोकांना मागं सारलं. 1993 मध्ये झी टीव्हीवर ‘अंताक्षरी’ सुरू झाली, तोवर हा खेळ म्हणजे सिनेगीतं हे समीकरण पक्कं झालं होतं. त्यानं खेळ सर्वांचा झाला, हे मोठंच काम. श्लोक पाठ नसलेल्यांनाही बैठकीत जागा मिळाली. पण चार चरणांची अट गेली आणि मुखड्यावर भागू लागलं. गाणारा सोयीच्या शब्दावर थांबतो आणि अवघड अक्षर समोरच्याच्या गळ्यात टाकतो. मग ओळ नेमकी कुठं संपते यावर दोन्ही पक्ष वाद घालत बसतात.