खळ्यावरचा हप्ता

आमचं घर समुद्रपूरचं, आजीचं माहेर सेवाग्रामच्या पंचक्रोशीतलं. त्यामुळे दवाखान्याच्या गोष्टी आमच्याकडे यायच्या त्या आजीच्या माहेराहून. दिवाळीनंतर मामाआजोबा आले की हटकून सांगायचे, "आमच्याकडं डाक्टर लोक ज्वारी मागाले येत होते बाप्पा!" आम्हा पोरांना वाटायचं, डॉक्टर झोळी घेऊन दारोदार फिरत असणार.

ती भिक्षा नव्हती, विम्याचा हप्ता होता. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या हयातीतलं, डॉ. सुशीला नायर यांनी वाढवलेलं. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथल्या डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी 1980च्या आसपास भोवतालच्या खेड्यांत ज्वारीवरचा आरोग्य विमा सुरू केला. मजुराच्या हाती तेव्हा रोकड कमी आणि धान्य जास्त, म्हणून वर्गणी धान्यात, तीही पीक घरात आल्यावर. भूमिहीनाचा वाटा थोडका, जमीनवाल्याचा एकरांप्रमाणे वाढता. अचानक दुखणं आलं आणि भरती व्हावं लागलं, तर उपचार दोघांनाही फुकट. साधं बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींना मात्र बिलाचा काही भाग भरावा लागे.

मामाआजोबा रंगात येत ते एका अटीवर. गावातले निदान पाऊण लोक सामील झाल्याशिवाय गावाला विमाच नाही. त्यांच्या गावचा एक मोठा शेतकरी अडून बसला होता. "मले काय होते? मी कायले देऊ?" माणूस धडधाकट, आणि वाटा त्याचाच सगळ्यांत मोठा! चार म्हातारे त्याच्या ओसरीवर जाऊन बसले आणि चहा झाला तरी उठेनात. शेवटी त्यानं पोतं काढायला लावलं. मग पायली शिगोशीग भरायची की काठावरून हात फिरवून सपाट करायची, यावर पुन्हा वाद. मामाआजोबा हात हवेत फिरवून ती सपाट पायली दाखवत. हसू येई, पण गावानं त्याला किती चिवटपणे धरून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

पुढे आमच्या भागात सोयाबीन आलं आणि ज्वारी शिवारातून हटली.

आता बाबांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याला एकर विचारत नाहीत, वय विचारतात. सत्तरीकडे झुकलेल्या आई-बाबांच्या पॉलिसीचा हप्ता गेल्या साली 52 हजारांवर गेला, त्यात 18 टक्के जीएसटी. (सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा तो कर गेला, तेवढा दिलासा.) बाबांनी कागद बाजूला सारला आणि हिशेब कापसात मांडला. लांब धाग्याचा 2024-25चा हमीभाव 7,521 रुपये, म्हणजे सात क्विंटल. कोरडवाहूत दीड एकराचा कापूस गेला. कमाई थांबत आली की हप्ता चढतो, हे त्यांना काही केल्या पटत नाही. मलाही पटवून देता येत नाही.

सरकारी योजना आहे. 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत वर्धा असल्यानं इथल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली. दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांवर गेलंय. भाऊ म्हणतो, मग पॉलिसी सोडा. आई म्हणते, रात्री-बेरात्री नागपूरला न्यावं लागलं तर दवाखाना यादीत आहे की नाही, हे कोण बघत बसणार?

या घोळात हप्त्याची तारीख आली जूनमधली, ऐन मृगात, बियाणं-खताच्या उधारीच्या दिवसांत. बाबांनी एजंटला सरळ विचारलं, "दिवाळीनंतर घेता का?" तो म्हणाला, "नाही काका, तीस दिवसांची मुदत असते फक्त."

तीस दिवसांत जेमतेम पहिली डवरणी होते.