मॅटॅडोरचं गळतं पाणी आणि आपली विहिरीची सवय

आज पिकाचं नाही, पीक वाहणाऱ्या गाडीचं लिहितोय.

बजाज टेम्पोची मॅटॅडोर १९६९ साली आली. कारखाना आपल्या आकुर्डीचा. चाकणचा कांदा-बटाटा तिनं पुण्या-मुंबईला वाहिला. पुढं तिच्यात मर्सिडीजच्या परवान्याचं ओएम ६१६ डिझेल इंजिन आलं. इंजिन दणकट, पण पाण्यानं थंड होणारं. गळती लागली की घाटात वाफा निघणारच.

आपल्या लोकांनी इंजिन ओळखलं ते विहिरीवर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली खडकीत सुरू झाली. विहिरीवरच्या इंजिनाला पंपाचंच थोडं पाणी फिरवून बाहेर सोडायचं. सांडलं तरी पाटातच जातं. गाडीत मात्र तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. पण सवय विहिरीचीच राहिली : कमी झालं, ओत कळशी!

वाफ उडून जाते, क्षार मागं राहतात. भांड्याला धरतो तसा थर आत धरतो, लोखंड गंजतं, इंजिन जास्त तापतं, गळती आणखी वाढते. थंड मुलखात पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून कूलंट घालावंच लागलं, त्यासोबत गंज रोखणारं औषधही मिळालं. आपल्याकडं पाणी गोठत नाही, म्हणून कूलंटची गरज कुणाला वाटली नाही.

रस्त्यात अडलं की ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकायचे. फुगून ती बारीक भोक बुजवते, पण बारीक नळ्याही तुंबवते. घरी पोचण्यापुरताच तो इलाज.

खरा इलाज शोधण्यात आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. झाकणाचं रबर बघा. त्याच्या दाबामुळंच पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. मग होज पाइप, क्लिपा, वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. पितळी रेडिएटरला डाग देता येतो. बाहेर कुठंच ओल नाही, तरी पाणी घटतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट गेलं समजा. तशी गाडी चालवू नका, हेड वाकलं तर खर्च कैक पटीनं वाढतो.

दुरुस्तीनंतर आतून धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. पण कूलंट गोड असतं अन् विषारीही. सांडलेलं लगेच पुसा, गोठ्यापासून लांब ठेवा. गाडीची गळती थांबवताना दावणीचं जनावर जायला नको.